नवी बोअर की विहिरीचं पुनर्भरण? पैसे घालण्याआधी हा हिशेब करा

उन्हाळा लागला की मराठवाड्यात बोअरच्या गाड्या शिवारात फिरू लागतात. विहिरीने तळ गाठलेला असतो, हाताशी थोडेच पैसे असतात. ते घालायचे कशात, नव्या बोअरमध्ये की पुनर्भरणात, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी गाळून विहिरीत सोडण्यात?

बोअरला पाणी लागलं तर आठवड्याभरात मोटार चालू होते आणि उभी मोसंबी वाचते. हा फायदा मोठाच आहे. पण आपल्याकडे बेसॉल्टचा खडक आहे. पाणी असतं ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. भेग चुकली की तीनशे फुटांवरही नुसता फुफाटा निघतो, आणि फुटाचे पैसे मात्र मोजावेच लागतात. पाणी लागलं तरी शेजाऱ्याने आणखी खोल मारली की आपली बोअर आटू शकते.

पुनर्भरण यंदाच्या उन्हाळ्यात काहीच देत नाही, हे आधीच सांगतो. पण ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडतं, आणि त्यातलं बरंच ओघळीने निघून जातं. त्या ओघळीवर दोन खड्डे घ्या. पहिल्यात गाळ बसू द्या. दुसऱ्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू भरा आणि तळातून पाइप विहिरीत सोडा. गढूळ पाणी थेट सोडू नका, झरे बुजतात. वरची वाळू दरवर्षी धुवा.

खरा फरक व्याजाचा आहे. पुनर्भरणाचा फायदा उशिरा मिळतो, आणि उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत व्याजाच्या दराने कमी होते. पाच वर्षांनी होणारा एक लाखाचा फायदा बँकेच्या ७ टक्के दराने आज सुमारे ७१ हजारांचा ठरतो. सावकाराच्या महिना शेकडा तीनने, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांनी, तोच जेमतेम साडेएकवीस हजारांचा. कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला पुढचं दिसत नाही असं म्हणणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. हवामानबदल रोखायला आज किती खर्च करावा यावरून अर्थतज्ज्ञांचा वादही पुढच्या फायद्याची आजची किंमत ठरवणाऱ्या याच दराचा आहे: निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये तो सुमारे १.४ टक्के धरला, विल्यम नॉर्डहाउस यांना तो फारच कमी वाटला.

माझं मत स्पष्ट आहे. सावकाराचं देणं असेल तर आधी ते फेडा. त्याच्या पैशावर बोअर तर मुळीच मारू नका. बँकेचं कर्ज किंवा स्वतःचे पैसे असतील तर पुनर्भरण आधी. फळबाग डोळ्यांदेखत वाळत असेल तर बोअरचा विचार करा, पण खड्ड्यांचे पैसे अगोदर बाजूला काढा. जिरलेलं पाणी बांध ओळखत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीलाही ते जाणारच. तेव्हा ओघळीवरच्या सगळ्यांना बसवून खर्च वाटून घ्या, आणि काम मृगाआधी उरका.