तिघांसाठी तीन डाइव्ह कम्प्युटर: मालदीवची बोट आणि त्यानंतरचे महिने

गेल्या वर्षी मुलीचा ज्युनिअर ओपन वॉटर हा मुलांसाठीचा स्कूबा डाइव्हिंगचा कोर्स झाला आणि लगेच आम्ही तीन डाइव्ह कम्प्युटर घेतले, म्हणजे पाण्याखाली किती खोल आहोत आणि अजून किती वेळ राहता येईल याचा हिशेब ठेवणारी मनगटी यंत्रं. एक माझा, एक नवऱ्याचा, एक तिचा. ती तेरा वर्षांची आहे. तेव्हापासून मालदीवच्या सफारी बोटीवर (जिच्यावरच राहून डाइव्ह करतात), मग अंदमानात स्वराज द्वीपला आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला ते वापरून झाले. आता त्यांच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असं वाटतं.

आमचे तिन्ही एकाच मॉडेलचे आहेत. या किमतीत वेगवेगळ्या कंपन्यांचे जे साधे कम्प्युटर मिळतात ते जवळपास एकसारखंच काम करतात, म्हणून मी कंपनीपेक्षा त्या प्रकाराबद्दल लिहिते आहे. जाड मनगटी घड्याळाएवढा आकार, बटणं मोजकी, बॅटरी घरी बदलता येते. टाकीत किती हवा उरली ते दाखवत नाही, त्यासाठी गेज पाहावाच लागतो.

सगळे पहिल्यांदा एकच विचारतात: गाइडच्या हातावर असतोच की, मग प्रत्येकाला वेगळा कशाला? मालदीवच्या बोटीवर राहिलं की याचं उत्तर आपोआप मिळतं.

पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरत जातो. तो फार झाला किंवा झपाट्याने वर आलं तर त्याचे शरीरात बुडबुडे होतात, म्हणून वाटेत न थांबता थेट वर येता येईल अशी ठरावीक मिनिटंच खाली राहायचं असतं. किती मुरला हे खोली आणि वेळ यांवर ठरतं, आणि ती खातेवही ज्याची त्याची वेगळी असते. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात दिवसाच्या पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. तक्ता असं धरून चालतो की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. मालदीवची डाइव्ह तशी नसते. तिथे थिला म्हणजे पाण्याखाली बुडालेला खडकाचा सुळका. सुरुवातीला खाली उतरायचं आणि मग सुळक्याभोवती फेऱ्या मारत हळूहळू वर यायचं. कम्प्युटर दर थोड्या सेकंदांनी खोली वाचून हिशेब नव्याने मांडतो, त्यामुळे उथळ भागात आलात की मिनिटं परत वाढताना दिसतात.

आता यात मूल आलं की काय होतं पाहा. १२ ते १४ वर्षांच्या ज्युनिअर डायव्हरला १८ मीटरची मर्यादा आहे, तीही प्रमाणित मोठ्या माणसासोबत. मालदीवमध्ये मोठ्यांनाही ३० मीटरच्या खाली जायची परवानगी नाही. सकाळी लवकरची डाइव्ह बहुतेक वेळा कांदूमध्ये असते, म्हणजे प्रवाळद्वीपांच्या कड्यातली खिंड, जिथून भरती-ओहोटीचं पाणी जोराने आतबाहेर करतं. शार्क बघायला तिथे खोल जावं लागतं. त्या डाइव्हला आमच्यापैकी एकच जण जायचा आणि दुसरा मुलीबरोबर बोटीवर. दुपारी तिघं एकत्र उतरलो की १६ मीटरवर मुलीच्या मनगटावर साठीच्या घरातली मिनिटं दिसायची आणि सकाळी खोल जाऊन आलेल्या नवऱ्याच्या मनगटावर चाळीसच्या खाली. एकच पाणी, एकच वेळ, शेजारी शेजारी पोहणारी माणसं. गाइडचा कम्प्युटर यापैकी कुणाचाच आकडा सांगू शकत नाही. आम्ही तिघांतला सर्वांत कमी आकडा पाळतो, आणि मॉडेल एकच असल्यामुळे हे सोपं जातं. वेगवेगळ्या कंपन्यांचं गणित वेगळं असतं आणि एकाच डाइव्हला ते वेगळी मिनिटं दाखवतात.

मुलीच्या कम्प्युटरवर मी सावधगिरीची पातळी एक पायरी वाढवून ठेवली आहे. ही गणितं मोठ्या माणसांच्या शरीरावर बेतलेली आहेत, वाढत्या वयाच्या मुलांवर नाहीत. तिला मिनिटं थोडी कमी मिळतात आणि ते मला हवंच आहे.

ज्या एका गोष्टीसाठी मी हे पैसे पुन्हा खर्च करीन, ती म्हणजे वर येण्याच्या वेगाचा पट्टा. बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनिअमच्या टाक्या असतात. डाइव्हच्या शेवटी हवा संपत आली की त्या हलक्या होतात आणि माणसाला वर ओढायला लागतात. मूल मुळातच हलकं. त्यामुळे नेमक्या सेफ्टी स्टॉपच्या वेळी, ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहायचं असतं तेव्हाच, ते बुचासारखं वर जाऊ पाहतं. मालदीवच्या अरी अॅटॉल या प्रवाळबेटांच्या गटात असंच झालं. सुळका सोडून आम्ही निळ्या पाण्यात आलो होतो, गाइडने नारिंगी फुगा वर सोडला होता, प्रवाह बऱ्यापैकी होता. मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर. तिच्या स्क्रीनच्या कडेचा पट्टा एकेक काडीने भरत गेला आणि बीप वाजला. मी हात पुढे करेपर्यंत तिने मनगट डोळ्यांसमोर धरलं, इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची नळी डाव्या हाताने उंच केली, हवा सोडली आणि लांब उच्छ्वास टाकला. खोलीचा ४.१ मीटरचा आकडा ५.३ झाला. मग माझ्याकडे बघून तिने ओके केलं. तेव्हापासून पाण्यात तिचा हात धरून ठेवायचं मी सोडलं आहे. बघत मात्र असतेच.

सासूबाईही आमच्याबरोबर होत्या. त्या डाइव्ह करत नाहीत. पण टाक्या आणि कॉम्प्रेसर असलेली धोणी, म्हणजे डाइव्हसाठीची छोटी बोट, वेगळी असते, तिच्यावर बसून त्या आमचे बुडबुडे शोधायच्या, आणि दक्षिण अरीला व्हेल शार्क अगदी पृष्ठभागाजवळ आला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनाच दिसला. लाइफ जॅकेट घालून शिडी धरून त्या पाण्यात उतरल्या आणि मास्कमधून त्याला बघून आल्या. कुटुंबात सगळ्यांना डाइव्हिंग येत नसेल तर अशी बोट फार चांगली, कुणालाच दिवसभर हॉटेलवर थांबावं लागत नाही.

परतीच्या वेळी आणखी एक उपयोग कळला. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, रोज अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबा असं सांगतात. कम्प्युटर हे तास उलटे मोजत दाखवतो. शेवटच्या दिवशी आमचे तिघांचे आकडे वेगळे होते. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं म्हणून प्रश्न आला नाही, पण तिकीट काढताना हा हिशेब आधीच करा. मुंबईहून माले तीन तासांच्या आत येतं, त्यामुळे सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान असं मनात यायला वेळ लागत नाही.

भाड्याने का नाही घेतला? आधी एका ठिकाणी घेतला होता. त्यात त्याच सकाळी दुसऱ्या कुणीतरी केलेल्या डाइव्हचा नायट्रोजन जमा होता, आणि उतरल्यावर माझी मिनिटं विनाकारण कमी दिसत होती. शिवाय आधीच्या माणसाने मर्यादा ओलांडली असेल तर बरेच कम्प्युटर २४ ते ४८ तास फक्त खोली आणि वेळ दाखवतात, हिशेब करतच नाहीत.

आता उणिवा. चाळिशी लागलेल्या माणसाला खालच्या ओळीतले छोटे आकडे वाचता येत नाहीत. नवऱ्याने मास्कच्या काचेला आतून वाचायची छोटी भिंगं चिकटवली तेव्हा कुठे प्रश्न सुटला. चाळिशी पार केलेल्यांनी थोडे जास्त पैसे घालून रंगीत, मोठ्या स्क्रीनचा घ्यावा. बीप सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे गटात कुणाचा वाजला ते कळत नाही; एक वाजला की तिघंही मनगट बघतो. नोंदी फोनवर घ्यायच्या तर केबल वेगळी विकत घ्यावी लागते, म्हणून आम्ही अजून वहीतच लिहितो. हातावर बांधायचा पट्टा लहान मुलाच्या नुसत्या मनगटावर फिरतो, वेटसूटवर बसतो.

बटण एकदा मिठाने जड झालं होतं. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून, मधूनमधून दाबत राहिल्यावर मोकळं झालं. आता प्रत्येक दिवसाच्या शेवटी बादलीत बुडवायचं काम मुलीकडे आहे. बॅटरी नेत्राणीच्या आधी बदलली. घड्याळाच्या दुकानात देऊ नका. ओ-रिंगसह, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या रबरी कडीसह, पूर्ण किट मागवा, नवी रिंग बसवा, तिला नखावर मावेल इतकंच सिलिकॉन ग्रीस लावा आणि झाकण लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात खाच तपासा. आमच्या एका रिंगवर केस आडवा आला होता. तेवढ्या फटीतूनही पाणी आत शिरतं.

तारकर्ली-मालवणला प्रशिक्षक धरून नेतात ती पहिली उथळ डाइव्ह करायची असेल, तर यावर एक रुपयाही घालवू नका, तिथे सगळा हिशेब प्रशिक्षकाकडे असतो. त्या पैशात प्रत्येकाला चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या. कोर्स झाला आहे आणि मुलांना घेऊन दिवसाला दोन-तीन डाइव्ह करणार आहात, तर मात्र दुकानात तीनच गोष्टी विचारा: बॅटरी घरी बदलता येते का, सावधगिरीची पातळी वाढवता येते का, आणि वर येण्याचा वेग आकड्याशिवाय पट्ट्यातही दिसतो का. तिसरी गोष्ट नसेल तर मुलासाठी तो कम्प्युटर घेऊ नका.