गौरवग्रंथ छापून देणारी सेवा : बांधणी उत्तम, तयार प्रस्तावना मात्र टाळावी

शिक्षकाच्या निवृत्तीनिमित्त माजी विद्यार्थ्यांचे लेख, पत्रे आणि छायाचित्रे जमवून त्यांचा गौरवग्रंथ छापून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचा अनुभव आमच्या वर्गाने नुकताच घेतला. सन्मानचिन्ह द्यायचे सोडून हा खटाटोप कशाला, असा प्रश्न आमच्यातही निघाला होता. सन्मानचिन्हावर नाव, तारीख आणि ‘उल्लेखनीय सेवेबद्दल’ एवढेच मावते. त्या सेवेत उल्लेख करण्याजोगे नेमके काय होते, हे सांगायला तिथे जागाच नसते. आमच्या भाषेच्या बाईंबद्दल आम्हाला तेवढेच सांगायचे होते, म्हणून ग्रंथ ठरला.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण छपाईत नाही, तर मजकूर मागवण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक लेखकाला एक दुवा पाठवला जातो आणि तिथे कोरे पान पुढे न करता काही प्रश्न विचारले जातात. ‘त्यांनी शिकवलेली कोणती गोष्ट आज तुम्ही कामात वापरता?’ हा त्यांतला सर्वांत कसदार प्रश्न. एरवी ‘बाई फार प्रेमळ होत्या’ एवढ्यावर थांबली असती अशी माणसे या प्रश्नामुळे आठवू लागली. रुग्णालयात परिचारिका असलेल्या आमच्या एका मैत्रिणीने सारांशलेखनाच्या तासाबद्दल लिहिले आहे. उतारा एक तृतीयांश करताना विशेषणे खुशाल गाळा, पण कोणी, केव्हा आणि किती हे गाळलेत तर गुण मिळणार नाहीत, असा बाईंचा दंडक होता. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेसाठी रुग्णाची नोंद लिहिताना, कोणते औषध, केव्हा आणि किती दिले हे ती आजही त्याच क्रमाने तपासते. शिक्षकाचे समाजातील स्थान या विषयावर भाषणे पुष्कळ ऐकली, पण बाईंनी कधी पाहिलेही नाहीत अशा रुग्णांपर्यंत त्यांचा तास पोहोचल्याचे या दीड पानात दिसते, तसे त्या भाषणांत कधी दिसले नाही.

हस्तलिखित पत्रे पूर्ण पानावर, खाडाखोडीसह छापण्याची सोयही चांगली आहे. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू यांना 1957 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपले प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जर्में यांना पत्र लिहिले आणि पुढे नोबेलची भाषणे पुस्तकरूपाने आली ती त्यांनाच अर्पण केली. गरीब मुलाला या गुरुजींनी हात दिला नसता तर यातले काहीच घडले नसते, अशा आशयाचे ते पत्र अगदी लहान आहे. आमच्या ग्रंथातही सर्वांत लहान पत्रेच सर्वांत जास्त वाचली गेली, हे मुद्दाम नोंदवतो.

आता तक्रार. संपादकाचे काम हलके व्हावे म्हणून ही सेवा एक तयार प्रस्तावना देते. नाव आणि विषय भरला की झाले. तीत दीपस्तंभ आहे, शिल्पकार आहे आणि स्वतः जळून इतरांना प्रकाश देणारी मेणबत्ती तर आहेच. हा मजकूर कोणत्याही शिक्षकाला लागू पडतो, म्हणून तो कोणाचाच गौरव करत नाही. शिवाय जळण्याचे कौतुक करताना, शिक्षकाला जळावे का लागते हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला राहतो. शिक्षकांच्या दर्जाविषयीची जी आंतरराष्ट्रीय शिफारस 5 ऑक्टोबर 1966 रोजी पॅरिस येथे स्वीकारली गेली, आणि जिच्या स्मरणार्थ 1994 पासून त्या तारखेला जागतिक शिक्षक दिन पाळला जातो, तिने दर्जा या संकल्पनेत समाजाकडून मिळणारा मान आणि वेतन व कामाची परिस्थिती या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या आहेत. 2030 पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी आणखी सुमारे 4.4 कोटी शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. नुसत्या उपमांवर ते येतील असे वाटत नाही. आम्ही ती प्रस्तावना काढून टाकली आणि बाईंच्या एका सहकारी शिक्षिकेकडून लेख मागवला. खच्चून भरलेले वर्ग, घरी नेलेले वह्यांचे गठ्ठे आणि सुट्टीत घेतलेले जादा तास, हे सर्व त्यात कोणतेही अलंकार न वापरता आले आहे.

दुसरा दोष अक्षरजुळणीचा. पहिल्या मुद्रितात ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला होता, आणि जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या एका लेखाची तर निव्वळ चिन्हांची रांग झाली होती. भाषेच्या शिक्षिकेच्या हाती असे पुस्तक देणे म्हणजे लाल शाईला आमंत्रणच. कळवल्यावर दुरुस्ती झाली, परंतु मुद्रितशोधनाची एकच फेरी मिळते, त्यामुळे शुद्धलेखनाची जाण असलेल्या दोघांनी तरी मुद्रित ओळन् ओळ वाचलेच पाहिजे. जुनी छायाचित्रे मोबाइलवर टिपून पाठवू नयेत. स्कॅन केलेली स्वच्छ उमटतात, बाकीची काळवंडतात.

बांधणीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले आहेत, पुठ्ठा भक्कम आहे आणि पुस्तक टेबलावर पूर्ण उघडे राहते. केवळ डिंकाने चिकटवलेल्या बांधणीचा पर्यायही दाखवतात. जे पुस्तक वारंवार उघडले जाणार आहे त्यासाठी तो घेऊ नये. मजकूर जमवायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि आठवण करून देणारे संदेश सेवा आपणहून पाठवत नाही, तेव्हा ते काम वर्गातल्या चिकाटीच्या एका माणसाकडे आधीच सोपवावे. मागणी नोंदवताना शाळेच्या ग्रंथालयासाठी एक जादा प्रत धरावी, कारण नंतर एकच प्रत छापून मिळत नाही.