तरुण प्रेक्षकांसाठीच्या माहितीपटाचे पिचिंग शिकवणारी ऑनलाइन कार्यशाळा : एक अभिप्राय

तरुण प्रेक्षकांसाठी माहितीपट करू पाहणाऱ्यांना पिचिंगचे, म्हणजे निधी मिळवण्यासाठी आपला प्रकल्प थोडक्यात मांडण्याचे, प्रशिक्षण देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन कार्यशाळेत मी नुकतीच सहभागी झाले होते. निवडलेल्या प्रकल्पांची ट्रीटमेंट (माहितीपट कसा उलगडेल याचे लेखी वर्णन) आणि पिच डेक (सादरीकरणाची सचित्र पाने) आधी तपासून घ्यायचे, मग ट्रेलरवर एका अनुभवी संकलकासोबत काम करायचे, त्यानंतर सरावाची पिच आणि अखेरीस प्रत्यक्ष कमिशनिंग एडिटरांपुढे, म्हणजे कोणते माहितीपट घ्यायचे हे ठरवणाऱ्या वाहिन्यांच्या संपादकांपुढे, सादरीकरण, असा तिचा आराखडा आहे. अशा कार्यशाळा आता पुष्कळ निघाल्या आहेत, मात्र त्यांपैकी अनेक ठिकाणी नेहमीचेच पिचिंग शिकवले जाते आणि ‘तरुण’ हा शब्द जाहिरातीपुरताच उरतो. या कार्यशाळेत तसे घडत नाही. तिच्यात उणिवा आहेत, त्यांतल्या दोन गंभीर आहेत, तरीही ज्यांचा विषय विशी-पंचविशीच्या प्रेक्षकापर्यंत पोचायला हवा त्यांनी ती जरूर करावी, असे माझे मत आहे.

पहिल्याच सत्रात मार्गदर्शिकेने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुमचा तरुण प्रेक्षक नेमका किती वर्षांचा आहे? ‘युवा पिढी’ हे उत्तर तिने कोणाकडूनही स्वीकारले नाही, आणि ते योग्यच होते. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ हा वयोगट तरुण मानतो. जर्मनीतील एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक प्रसारकांनी २०१६ मध्ये सुरू केलेले ‘फुंक’ हे ऑनलाइन व्यासपीठ १४ ते २९ वयोगटासाठी आहे. ब्रिटनमधील बीबीसी थ्री या वाहिनीचा प्रेक्षक १६ ते ३४ चा. शाळेच्या शेवटच्या वर्गातला मुलगा आणि स्वतःच्या मुलाला शाळेत सोडून कामावर जाणारा चौतिशीचा माणूस या दोघांना एकाच वाक्याने बोलावता येत नाही. त्यामुळे ज्या संपादकांसमोर आपण बसणार आहोत त्यांच्या प्रेक्षकाचा वयोगट आधी माहीत करून घ्यायचा आणि पिचचे पहिले वाक्य त्यानुसार बदलायचे, हे इथे काटेकोरपणे करून घेतात. तीच शिस्त माध्यमाबाबत. ‘तरुण फक्त फोनवरच पाहतात’ हे वाक्य अनेकांच्या डेकमध्ये होते. त्यावर बीबीसी थ्रीचे उदाहरण देण्यात आले : २०१६ मध्ये ही वाहिनी प्रक्षेपण थांबवून केवळ ऑनलाइन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा टीव्हीवर परतली. उलट फुंकला स्वतःची वाहिनीच नाही, त्याचा मजकूर यूट्यूबसारख्या मंचांवर राहतो. म्हणजे माहितीपट विकत घेणाऱ्या प्रत्येक प्रसारकाचा अनुभव वेगळा असताना सरसकट विधान करणाऱ्याने गृहपाठ केलेला नाही, हे पहिल्या मिनिटातच उघड होते.

या कार्यशाळेचा खरा कस ट्रेलरच्या सत्रात लागतो आणि तिथे ती उत्तम उतरते. माझा प्रकल्प एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर आहे. तिच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते आणि त्या वेळापत्रकाभोवती तिचे कॉलेज, मैत्रिणी, झोप असे सगळे बेतलेले आहे. ट्रेलरची सुरुवात मशीनच्या नळ्यांनी होत होती, त्यानंतर डॉक्टर आजार समजावून सांगत आणि मुलगी त्यापुढे दिसे. आयोजकांनी या सत्रासाठी विशीच्या आतबाहेरचे काही प्रेक्षक बोलावले होते. त्यांना प्रकल्पाची कोणतीही माहिती दिलेली नव्हती. त्यांच्यातल्या एकीने ट्रेलर मध्येच थांबवायला सांगितला आणि विचारले, “ही माझ्या वयाच्या मुलीची गोष्ट आहे, हे मला डॉक्टरांकडून का कळावं?”

त्या एका प्रश्नावर पुढचे सगळे काम झाले. संकलकाने तिथल्या तिथे चित्रीकरण उघडून आम्हाला पर्याय दाखवले. अखेर ठरलेली सुरुवात अशी आहे : वर्गात तास चालू आहे, मुलीच्या फोनचा गजर थरथरतो, ती न पाहता तो बंद करते, वही मिटते आणि उठते, शिक्षक शिकवणे थांबवत नाहीत, कारण त्यांना सवय झालेली आहे. निवेदन नाही, संगीत नाही. डॉक्टरांचे एकच वाक्य उरले, तेही शेवटाकडे. लॉगलाइन, म्हणजे गोष्ट एका वाक्यात सांगणारी ओळ, हीही याच सत्रात बदलली. आधी ती ‘मूत्रपिंडाच्या आजाराशी झुंजणाऱ्या कुटुंबाची हृदयस्पर्शी कहाणी’ अशी होती, जी कोणत्याही रुग्णाच्या माहितीपटाला चालली असती. आता ती अशी आहे : ‘वडिलांचे डायलिसिस सांभाळणाऱ्या मुलीला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळतो, तिने जावे असे घरात सगळेच म्हणतात, पण ती गेल्यावर काय होईल हे कोणीच बोलत नाही.’ विषय तोच आहे, फक्त आता निर्णय तरुण व्यक्तीच्या हातात आहे आणि प्रेक्षकाला तो तिच्या जागेवरून दिसतो. तरुणांविषयीचा माहितीपट आणि तरुणांसाठीचा माहितीपट यांतले अंतर मला इतक्या स्पष्टपणे अन्य कोणत्याही प्रशिक्षणात दाखवले गेले नव्हते.

सरावाच्या पिचमध्येही हाच कटाक्ष होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा माहितीपट महोत्सवात १९९३ पासून भरणाऱ्या ‘फोरम’ या पिचिंगच्या मेळाव्यासारख्या व्यासपीठांमुळे साधारण सात मिनिटांचे सादरीकरण आणि जवळपास तेवढीच प्रश्नोत्तरे ही रीत या क्षेत्रात रुळली आहे. तीन मिनिटे ट्रेलर घेतो. उरलेल्या चार मिनिटांत फार तर पाचशे शब्द बोलता येतात. त्यात गोष्ट, ती सांगण्याचा आपला अधिकार, मुख्य पात्रांशी असलेला विश्वासाचा संबंध, काम कुठवर आले आहे आणि किती रक्कम उभी राहून किती हवी आहे, हे सगळे बसवायचे असते. पैशाविषयीचे वाक्य न अडखळता, न लाजता म्हणता येईपर्यंत आमच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतले, याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे. समोर निर्णय घेणारी माणसे बहुधा आपल्या प्रेक्षकाच्या दुप्पट वयाची असतात, म्हणून पिच करणारा नकळत तरुणांची वकिली करू लागतो आणि ‘आजची पिढी अशी आहे, तशी आहे’ असे बोलू लागतो. मार्गदर्शिकेने प्रत्येकाच्या संहितेतून ही वाक्ये खोडून काढली आणि त्या जागी मुख्य पात्राची एखादी कृती लिहायला लावली.

आता उणिवांकडे वळते. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव संमतीच्या प्रश्नाबाबत आहे. या विषयावर एका वकिलाचे सादरीकरण झाले, रिलीज फॉर्मचे (चित्रीकरण वापरायला परवानगी देणाऱ्या सहीच्या कागदाचे) नमुने मिळाले आणि सत्र संपले. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सही केलेल्या व्यक्तीला तेविसाव्या वर्षी तेच चित्रीकरण नकोसे होऊ शकते. माहितीपटातला तीस सेकंदांचा तुकडा उभ्या व्हिडिओच्या रूपात संदर्भाविना फिरू लागतो आणि तो तिच्या वर्गातले सगळे पाहतात. अशा वेळी कच्चे संकलन तिला दाखवायचे का, कोणता भाग काढण्याचा अधिकार तिला द्यायचा, छोटे तुकडे प्रसिद्ध करण्यासाठी वेगळी परवानगी घ्यायची का, यांवर तासभर तरी चर्चा व्हायला हवी होती. ट्रेलरसाठी बोलावलेले तरुण प्रेक्षक या सत्राला असते, तर त्यांनी याविषयी आम्हा सर्वांपेक्षा नेमके सांगितले असते. तरुणांच्या आयुष्यावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांचे प्रशिक्षण देणाऱ्या सेवेने हा भाग कागदपत्रांवर सोडून देणे मला पटलेले नाही.

दुसरी उणीव सोशल मीडियाच्या आराखड्याची. सर्वांच्या डेकमध्ये जवळपास एकसारखे पान आले : छोटे व्हिडिओ, पडद्यामागचे क्षण, सहभागासाठी आवाहन. त्या व्हिडिओंचे संकलन वेगळे करावे लागते, उपशीर्षके वेगळी लागतात, प्रतिक्रियांवर लक्ष ठेवायला माणूस लागतो आणि या प्रत्येक गोष्टीची बजेटमध्ये स्वतंत्र ओळ लागते, हे कोणी सांगितले नाही. शिवाय प्रक्षेपणाआधी तुकडे प्रसिद्ध केले, तर पहिल्या प्रदर्शनाचा हक्क मागणाऱ्या वाहिनीच्या अटीला बाधा येऊ शकते. मी हा मुद्दा मांडला, त्यावर ‘ते करारात बघता येते’ एवढेच उत्तर मिळाले. ज्यांना करार करण्याचा अनुभव नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर अपुरे आहे.

वेळापत्रक, तांत्रिक व्यवस्था आणि डेकच्या मांडणीचे मार्गदर्शन यांबाबत तक्रार नाही.

अंतिम सादरीकरणानंतर लगेच पैसे मिळतील, अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. ‘कळवत राहा’, ‘कच्चे संकलन झाले की पाठवा’ अशा उत्तरांतून खरा रस कोणता आणि सौजन्य कोणते, हे ओळखायला शिकवणारे छोटे सत्र शेवटी ठेवले आहे आणि ते फार उपयोगी आहे. कच्चे संकलन पाहण्याची तारीख समोरून विचारली गेली, तर त्या संपादकाकडे सहभागाचे हेतुपत्र, म्हणजे प्रकल्पात सहभागी होण्याची इच्छा लेखी कळवणारे पत्र, मागावे. ते हाती असले की दुसऱ्या दात्याशी बोलणे सोपे जाते, कारण माहितीपटाचे बजेट बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांनीच जमते.

ज्यांच्याकडे अजून केवळ कल्पना आहे, त्यांनी अर्ज करण्याची घाई करू नये. मुख्य पात्रासोबतचे थोडे तरी चित्रीकरण हाताशी नसेल, तर ट्रेलरचे सत्र वाया जाते आणि या कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. शुल्कात अंतर्भूत असलेली नंतरची सल्लाभेट कार्यशाळा संपताच वापरून टाकू नये. संपादकांची उत्तरे हाती येईपर्यंत ती राखून ठेवावी आणि त्या भेटीत संमती व हक्क यांविषयीचे प्रश्न लेखी स्वरूपात आधी पाठवून त्यांची उत्तरे मागावीत.