घरगुती एक्सरसाइज सायकल: पडद्यावरच्या कॅलरी आणि पोटावरची चरबी

चुंबकीय रोधावर (पायडल जड करणाऱ्या चुंबकाच्या अडथळ्यावर) चालणारी ही सायकल आमच्या घरात बऱ्याच महिन्यांपासून वापरात आहे. तिच्या खोक्यावर ‘फॅट बर्न’ ही अक्षरे इतकी ठळक आहेत की लक्ष आपोआप पडद्यावरच्या कॅलरींकडे वळते. यंत्र चालवणाऱ्याचे वजन किंवा वय विचारतच नाही, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

सायकल चालवण्यासारख्या एरोबिक, म्हणजे दम वाढवणाऱ्या, व्यायामाने चरबीत काय घडते, हे पाहिल्यास सायकलची पारख निराळी होते. मेदपेशींभोवती केशवाहिन्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे, जाळे असते आणि त्या वाहिन्यांना आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. मेदपेशी फुगत गेल्या आणि हे जाळे त्या मानाने वाढले नाही, की प्राणवायू अपुरा पडू लागतो, दाह (इन्फ्लमेशन) वाढतो आणि तिथे न मावणारा मेद यकृतासारख्या अवयवांत साचतो. मिशिगन विद्यापीठातील जेफ्री होरोविट्झ यांच्या चमूने २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही गटांत चरबीचे प्रमाण सारखेच होते, मात्र एका गटातील व्यक्ती किमान दोन वर्षे नियमित व्यायाम करत होत्या. त्यांच्या पोटाच्या त्वचेखालील चरबीत रक्तवाहिन्या अधिक आढळल्या, तर दाहाशी निगडित पेशी कमी. प्रत्येक गटात सोळाच जण होते, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावा लागेल. तरीही वजनकाट्याला न दिसणारा असा बदल असू शकतो, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बदलाला वर्षे लागणार असतील, तर यंत्र वर्षानुवर्षे वापरावेसे वाटले पाहिजे. या कसोटीवर चुंबकीय रोध उत्तम ठरतो, कारण घासणारी पट्टी नसल्याने आवाज जवळजवळ होत नाही आणि पहाटे शेजारच्या खोलीतील झोप मोडत नाही. रोधाच्या पायऱ्याही पुरेशा आहेत. बोलता येईल पण गाता येणार नाही, असा मध्यम दम सहज साधतो. सीट मात्र निकृष्ट आहे. अर्ध्या तासाच्या आतच ती टोचू लागते, आणि ज्या यंत्राचा सारा लाभ सातत्यावर अवलंबून आहे त्यात ही उणीव मला पडद्याच्या खोट्या अचूकतेपेक्षा गंभीर वाटते. कंपनीच्या सेवा केंद्राने जाड सीट वेगळी विकत घेण्याचा सल्ला दिला. ती बसवल्यावर तक्रार उरली नाही, पण तिची किंमत मूळ किमतीत धरूनच खरेदीचा निर्णय घ्यावा.