स्लाऊमधला सहा मंगळवारांचा वर्ग : कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणायचं तरी कुणाला?

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह विचारावर वर्ग होता : सहा मंगळवार, संध्याकाळी सात ते नऊ, फी 60 पाउंड. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी पुढच्या तुकडीला नाव घालायचा विचार करत असेल, तर त्यांच्यासाठी लिहितेय. पाचपैकी चार तारे.

जाताना माझ्या डोक्यात कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे ‘पुराणमतवादी’ हाच शब्द होता. आमच्या घरी तो भांडणातच निघायचा. पहिल्याच तासाला सरांनी एडमंड बर्क घेतला, अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार आणि विचारवंत. फ्रेंच राज्यक्रांतीवर 1790 मध्ये तुटून पडलेला हाच माणूस अमेरिकन वसाहतींची कड घेत होता, बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवत होता. ज्या राज्यात बदलाची सोय नाही, त्याला टिकायचीही सोय नाही, असं तो म्हणायचा.

दुसरा तास मी विसरणार नाही. 1781 मध्ये राघोबादादांचे वकील, म्हणजे दूत, हणमंतराव लंडनला आले होते. त्यांचे आचारविचार पाळता यावेत म्हणून बर्कने त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. काचघर कशाला, हे वर्गात कुणालाच कळेना. मग मीच उठले आणि सोवळं समजावून सांगितलं : आजीचा कद, वेगळी चूल, ‘शिवू नकोस गं’. सरांनी विचारलं, तुमच्या घरी ते मोडलं कुणी? आजीनेच. आई शाळेत नोकरीला लागली तेव्हा सकाळच्या घाईत आजीने सोवळं सोडलं. नैवेद्य मात्र शेवटपर्यंत चुकवला नाही. सर म्हणाले, हाच तुमचा कॉन्झर्व्हेटिव्ह. मला ते पूर्ण पटलं नाही, आणि तसं मी बोलले. कारण त्याच सोवळ्यापायी भांडी घासणाऱ्या मावशींना उंबऱ्याबाहेर थांबावं लागायचं. काय जपायचं हे ठरवताना त्याची किंमत कोण मोजतंय, हे आधी विचारायला हवं. त्यावर पाऊण तास वाद झाला. असा मनापासून वाद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान राहिलेल्या थॅचरबाईंच्या तासाला वेल्सचे एक आजोबा बोलले. खाण बंद झाली तसं गावातलं बँडपथकही गेलं. मग बाईंनी जपलं काय, असा त्यांचा प्रश्न. 2013 च्या समलिंगी विवाहाच्या कायद्यावरही चांगली चर्चा झाली. तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान कॅमेरॉन म्हणत, मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच याच्या बाजूने आहे. पण मतदानात त्यांच्याच पक्षाचे विरोधक समर्थकांपेक्षा जास्त निघाले.

एक तारा कापला तो शेवटच्या तासामुळे. विषय ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. 1973 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानांनीच देशाला युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघात) नेलं. मग 43 वर्षांनी त्यातून बाहेर पडायचा कौल म्हणजे जपणूक की मोडतोड, हा खरा प्रश्न होता. सरांनी लगाम सोडला आणि दोघा-तिघांनी आरडाओरडा करून तास खाल्ला. 2024 च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष अवघ्या 121 जागांवर का आला, हे राहूनच गेलं. हॉलही गारठलेला असतो, शाल न्या.

वर्ग संपल्यावरच्या रविवारी आम्ही बीकन्सफील्डला जाऊन आलो. बर्कचं घर 1813 मध्येच जळून गेलंय. चर्चमध्ये त्याची कबर आहे, तिथे लेकीला हणमंतरावांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, सोवळं म्हणजे काय?