माळेगावच्या गारठ्यात सुरात वाजलेला बँड

मी पलटणीच्या बँडमध्ये युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, वाजवलंय, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत. त्यामुळं वरातीतला बेसूर गोंगाट मला सोसत नाही.

पुतण्याच्या लेकराचं जावळ नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाला काढायचा नवस होता. जत्रा मार्गशीर्ष वद्यातली, ऐन थंडीत. भावकीला डीजे पाहिजे होता. मी अडून बसलो आणि लोह्याकडची चौदा जणांची बँड पार्टी ठरवली. बयाणा दिवाळीतच द्या; तुळशीच्या लग्नानंतर तारीख मिळत नाही.

सकाळी साडेसहाला पोरं कोंडाळं करून वाद्यांत नुसतीच फुंकत होती. ‘वाजवीत काहून नाहीत?’ म्हणून भावकी चिडली. मला मात्र पार्टी तिथंच पटली. गारठ्यात पितळी वाद्याचा सूर उतरतो. लोकांना वाटतं पितळ आकसतं. खरं तर नळीतली हवा गार असली की आवाज तिच्यातून हळू जातो. श्वासाची ऊब भरली की सूर जागेवर येतो. मास्तरांनी एकेकाचा सूर जुळवून घेतला, एका ट्रंपेटवाल्याला नळी आत सरकवायला लावली, मगच निघाले.

‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा उधळला, तेव्हा पोरांनी वाद्यांच्या पिस्टनवर, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबतात त्या दट्ट्यांवर, फडकी गुंडाळली. हळद आत गेली की पिस्टन अडकतात. हे शहाणपण मी पहिल्यांदाच पाहिलं.

घोड्यांच्या बाजाराजवळ मोठ्या ढोलावर दोन जोडठोके पडले आणि सगळी वाद्यं एका दमात थांबली. घोडी बिचकू नयेत म्हणून. पलटणीत थांबायची खूण हीच! मी विचारलं, ‘मास्तर, फौजेत होता का?’

‘नाही काका, वडील होते. त्याहीचंच शिक्षण हाय हे.’

माझे डोळे भरून आले.

उणं म्हणाल तर चाल. फौजेत पावलांची चाल एकसारखी असते. यांची चाल गर्दी मोकळी झाली की पळायला लागते. म्हाताऱ्या बाया मागं पडल्या. युफोनियम एकच, तेही ढोलाखाली दबतं. आणि मालकानं त्या चकचकीत डगल्यांच्या आत पोरांना स्वेटर द्यावेत. ट्रॉम्बोनवाल्याची बोटं कडक झाली होती.

ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही. धाकट्या पुतण्याच्या लग्नाचा बयाणा मी तिथंच दिला. अट एकच घातली, दुसरं युफोनियम आणायचं.