हवा मोजायचं यंत्र घेतलं त्याला दोन हिवाळे झाले, कसं आहे ते सांगते

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो, रंकाळा तलाव जवळच. घरात मामांना (माझे सासरे) दम्याचा त्रास आहे. पावसाळाभर बरे असतात, पण दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली की खोकला सुरू, रात्री दोन-तीनला उठून बसणार, पंप घेणार, आणि आम्ही सगळे म्हणणार थंडी बाधली. मलापण तेच वाटायचं. मग एकदा संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढायला गेले तर त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर काजळीचे बारके तुकडे, झटकायला गेले तर काळी रेघ उठली. म्हणलं हे कपड्यावर एवढं पडतंय तर नाकातनं किती जात असेल. त्याच आठवड्यात हे यंत्र मागवलं.

तळहाताएवढा पांढरा डबा आहे, पुढं छोटा स्क्रीन. पीएम २.५, पीएम १०, कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि आर्द्रता दाखवतं. मला साडेसहा हजाराला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सेम डबा तीन-चार नावांनी मिळतो. आत एक बारका पंखा हवा ओढून घेतो, त्या हवेवर लेसर पडतो आणि कणांवरनं उजेड किती विखुरतो त्यावरनं आकडा काढतं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे विचार करा, हे नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसात खोलवर जातात.

पहिल्या दिवशी ओट्याजवळ ठेवून तांबड्या रश्श्याची फोडणी टाकली तर पीएम २.५ चा आकडा ४० वरनं ३०० च्या पुढं गेला. मी घाबरलेच. एक्झॉस्ट लावल्यावर वीसेक मिनिटांत खाली आला. आधी एक्झॉस्ट फक्त ठसका लागला की लावायचे, आता गॅस पेटवायच्या आधीच लावते. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पण खरा फरक पडला तो गच्चीवर ठेवल्यामुळं. डिसेंबरमध्ये दुपारी दोन-तीनला ३०-३५ च्या आसपास असतं, छान. सूर्य खाली गेला की आकडा चढायला लागतो आणि रात्री आठ-नऊला शंभर ओलांडतो, एक दिवस गगनबावडा रोडच्या बाजूला कुणाच्या तरी रानात पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवलं होतं तेव्हा १६० गेलेला. आपल्याकडची सरकारी मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ सांगितलीय.

असं का होतं ते गच्चीवरनं डोळ्यांना दिसतं. संध्याकाळी गुऱ्हाळाच्या चिमणीकडं बघत उभं राहा. चुलवाणात (गुळाच्या कढईखालच्या चुलीत) चिपाड (रस काढलेला वाळका ऊस) टाकलं की धुराचा लोट उठतो, नारळाच्या शेंड्याएवढा वर जातो आणि तिथनं पुढं वर न जाता आडवा पसरतो, झाकण घातल्यासारखा. हिवाळ्यात आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन पटकन थंड होते, तिला चिकटलेली हवापण थंड होऊन खालीच बसते आणि वर त्यापेक्षा गरम हवेचा थर. धूर त्या थराखाली अडकतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि पाऊस सगळं धुऊन नेतात, म्हणून मामा तेव्हा बरे असायचे. आणि नेमका हिवाळ्याच्या ह्या चार-पाच महिन्यांत आपला ऊस तुटतो, कारखाने चालू, गुऱ्हाळं चालू, पाचट पेटतंय, ट्रॅक्टरच्या रांगा, शिरोलीकडं फाउंड्र्या, शहरात रस्त्याची धूळ, आणि सकाळी चौकाचौकात शेकोटीत घातलेलं प्लास्टिक. मी शेतकऱ्याच्या घरातलीच आहे, माझ्या माहेरीपण पाचट पेटवायचे, मजूर मिळत नाही आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातनं फुटणाऱ्या पिकाला) रान लवकर मोकळं हवं असतं हे मला माहितीय. माझ्या भावानं मागच्या वर्षी पाचट न जाळता सरीत दाबलं, पाण्याची पाळी लांबली म्हणतो. सगळ्यांना जमेल असं नाही पण बघा जमतंय का.

आता ह्या यंत्रानं आमचं काय बदललं ते. मामा तीस वर्षं पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जायचे, पहाटेची हवा शुद्ध असते हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. मी त्यांच्याबरोबर यंत्र घेऊन गेले. तांबट कमानीपाशी ९० च्या वर. अंगाला गार लागतं म्हणून वाटतं स्वच्छ आहे, पण रात्रभर साठलेलं सगळं तिथंच बसलेलं असतं, ऊन पडून जमीन तापेपर्यंत ते हलत नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्याच जागी गेलो तर ४५. मामा बराच वेळ त्या स्क्रीनकडं बघत उभे होते, काही बोलले नाहीत. आता डिसेंबर-जानेवारीत नाष्टा करून ऊन आल्यावर जातात. खिडक्या अकरा ते पाच सताड उघड्या, सहा वाजले की बंद. औषध डॉक्टरांचंच चालू आहे, ते बंद करायचं नाहीच, पण रात्री उठून बसणं कमी झालंय हे मी रोज बघतेय.

शेजारीपाजारी म्हणतात कोल्हापुरात कसलं आलंय प्रदूषण, ते दिल्लीला. अहो, २०१९ मध्ये केंद्राचा स्वच्छ हवेचा कार्यक्रम निघाला त्यात, हवेचे मापदंड सलग न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, सांगली आणि सोलापूरपण आहे. ते आपल्याकडं कुणाच्या बोलण्यातच येत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

आता दोष. एक, धुक्यात हे फसतं. पंचगंगेच्या घाटावर एका सकाळी दाट धुकं होतं तर आकडा भसकन २०० च्या वर गेला, कारण पाण्याचे बारके थेंबपण लेसरला कणच वाटतात, आणि ओलाव्यानं धुळीचे कणसुद्धा फुगतात. त्यामुळं आर्द्रता ८५-९० च्या वर असेल तर आकडा खरा धरू नका. एकूणच नेमक्या आकड्यापेक्षा चढतोय का उतरतोय ते बघायचं, त्यात हे यंत्र चांगलं आहे.

दोन, एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा एकच निर्देशांक. कंपनीनं त्यात अमेरिकेची मोजपट्टी टाकलीय आणि बॉक्सवर कुठं लिहिलेलं नाही. पीएम २.५ जर ६० असेल तर आपल्या भारतीय पट्टीत एक्यूआय १०० येतो, म्हणजे समाधानकारकमध्ये, आणि तीच हवा अमेरिकेच्या पट्टीत दीडशेच्या वर जाते. पहिला महिना मी उगाच घाबरत होते. एक्यूआय बघूच नका, पीएम २.५ चा आकडा बघा.

तीन, बॅटरी चार-पाच तास म्हणजे वायरलाच लावून ठेवायचं. आणि आठव्या महिन्यात आतला पंखा घरघरायला लागला, वॉरंटीत होतं तरी सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे घालवले, रोज फोन केला की उद्या बघतो. हिवाळा ऐन भरात आणि आमच्याकडं यंत्र नाही, लई राग आलेला. बदलून मिळालं शेवटी, नवं नीट चाललंय.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र हलक्यात घेऊ नका. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो, आम्ही तिघं खोली गच्च बंद करून झोपलो तर पहाटे २००० च्या वर, डोकं जड व्हायचं. म्हणून खिडकी बंद असली तरी आतलं दार उघडं ठेवतो.

घरात दमेकरी, म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर घ्या, आणि गळीत सुरू व्हायच्या आधी घ्या म्हणजे ऑक्टोबरमध्येच, म्हणजे चांगली हवा आणि वाईट हवा दोन्हीचा अंदाज येतो. नुसती उत्सुकता म्हणून साडेसहा हजार घालू नका. फुलेवाडी-रंकाळा भागातल्या कुणाला आपल्या गच्चीवर मोजून बघायचं असेल तर आमचं घेऊन जा दोन दिवस, फक्त सोबतची केबल आठवणीनं न्या, दुसऱ्या केबलवर ते चालू होत नाही.